जुनं लिव्हरवालं एस्प्रेसो मशीन: मॉडेल कसं ओळखायचं आणि सुटे भाग कसे मागवायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला तपासता येईल. तुम्ही नोकरीसाठी मिलानमध्ये राहता. नाविल्यो कालव्याच्या काठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून तुम्ही ९० युरोंना हाताने चालवायचं एस्प्रेसो मशीन घेतलंत. समोर ‘ला पावोनी’ एवढीच पाटी आहे, तळाचा स्टिकर कुणीतरी खरवडून टाकलाय. विकणारा म्हणाला, साठच्या दशकातलं आहे. मशीन तापतं, वाफही येते. पण कॉफी काढताना मुठीच्या, म्हणजे कॉफीची पूड भरून खालून अडकवायच्या दांडीच्या, कडेने पाणी गळतं, आणि लिव्हर खाली असताना जाळीतून थेंब पडत राहतात. पाच आठवड्यांनी तुम्ही नाशिकला परत येताय. त्याआधी सुटे भाग तिथूनच घ्यायचेत, म्हणून मशीनचे फोटो पाठवून ‘हे मॉडेल नक्की कोणतं’ असं विचारलंय.

मी पुण्यात सोळा वर्षं कॉफीची मशीनं दुरुस्त करतो. त्यात बहुतेक हॉटेल-कॅफेंची पंपवाली असतात. लिव्हरवाली वर्षाकाठी मोजकीच येतात, आणि त्यातली निम्मीअधिक परदेशातून परतणाऱ्या लोकांच्या सामानातून आलेली असतात. त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न मला नवा नाही, आणि तुम्ही निघण्याआधी विचारलंत याचा मला खरंच आनंद झाला. इकडे आल्यावर आठ-दहा रबरी वॉशरसाठी महिनाभर कुरिअरची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही मॉडेलचं नाव विचारताय, पण नाव कळून तुमचं काम होणार नाही. ला पावोनीचं घरगुती लिव्हर मशीन ‘युरोपिक्कोला’ १९६१ साली बाजारात आलं, आणि त्याच नावाचं, लांबून तसंच दिसणारं मशीन आजही बनतं. आतले भाग मात्र मधल्या काळात बदलत गेले. ‘युरोपिक्कोलाचं गॅस्केट (गळती रोखणारं रबरी कडं) द्या’ म्हणून दुकानात जाणं म्हणजे ‘स्प्लेंडरचा पार्ट द्या’ म्हणण्यासारखं आहे. दुकानदार पहिल्यांदा विचारणार, कुठल्या सालची? तेव्हा तुम्हाला हव्या आहेत दोनच गोष्टी: तुमच्या मशीनचा ग्रुप कोणत्या पिढीचा आहे, आणि पाणी तापवणारं एलिमेंट कोणत्या प्रकारचं व किती व्होल्टचं आहे. ग्रुप म्हणजे बॉयलरच्या पुढे आलेला तो जाड धातूचा भाग, ज्यात दट्ट्या वर-खाली होतो आणि ज्याला खालून मूठ अडकवतात. बाकी मशीन कोणत्याही सालचं असलं तरी तुमची गळती या ग्रुपमध्येच आहे.

पाटीवर ‘ला पावोनी’ लिहिलंय म्हणून मी ते मान्य करून पुढे जात नाही. पाट्या बदलता येतात, आणि एकाच कारखान्यातलं मशीन दुसऱ्या नावाने विकलंही जातं. गाज्जा या दुसऱ्या इटालियन कंपनीचं ‘फॅक्टरी’ हे मशीन ला पावोनीनेच बनवलेलं आहे. त्याचं जी-१०५ म्हणजे युरोपिक्कोलाचं भावंड, आणि जी-१०६ म्हणजे पावोनीच्याच मोठ्या ‘प्रोफेशनल’चं. अशा मशीनला पावोनीचे भाग बसतात, पण पाटी बघणाऱ्याला ते कळत नाही.

म्हणून मी सर्वांत आधी लिव्हर कसा वागतो ते बघतो. मशीन गार असताना, प्लग काढून, लिव्हर हलवून पाहा. तो खाली लोंबत राहतो, वर उचलला तर कुठेही थांबतो, आणि कसलाही जोर जाणवत नाही? मग आत स्प्रिंग नाही. तुमच्या हाताचा जोर थेट दट्ट्यावर जातो. पावोनी अशी असते, आणि स्वित्झर्लंडची ओलिंपिया क्रेमिनाही अशीच असते. पण क्रेमिनाचा बॉयलर चौकोनी पत्र्याच्या खोक्यात झाकलेला असतो, त्यामुळे गल्लत होत नाही. उलट लिव्हर एरवी वर उभा असेल, खाली ओढायला जोर लागत असेल आणि सोडला की तो आपण होऊन वर जात असेल, तर आत स्प्रिंग आहे. एलेक्त्राची ‘मिक्रो काझा आ लेवा’, चिम्बालीची ‘मिक्रोचिम्बाली’ या त्या जातीच्या. असं स्प्रिंगवालं मशीन असेल तर माहितीशिवाय ग्रुप उघडू नका. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर हनुवटी फुटते. तुमच्या पहिल्या फोटोत लिव्हर खाली लोंबतोय, उभा सिलिंडरसारखा क्रोमचा बॉयलर उघडा दिसतोय, बाजूला पाण्याची काचेची नळी आहे. इथपर्यंत पाटीचं म्हणणं बरोबर आहे: ही स्प्रिंग नसलेली पावोनीच आहे.

पुढचा प्रश्न, युरोपिक्कोला की प्रोफेशनल? लोक प्रेशर गेज बघून ठरवतात. काचेच्या नळीच्या वरच्या टोकाला घड्याळासारखं गेज असेल तर प्रोफेशनल, नसेल तर युरोपिक्कोला. बहुतेक वेळा हे खरं ठरतं, पण गेज नंतर बसवता येतं आणि हौशी लोक ते बसवतातही. त्यापेक्षा पाणी मोजा. बॉयलरचं झाकण उघडून मापाच्या भांड्याने पाणी ओता. युरोपिक्कोलाचा बॉयलर ०.८ लिटरचा असतो, प्रोफेशनलचा १.६ लिटरचा. एक दुसऱ्याच्या दुप्पट, त्यामुळे मोजताना अर्धा कप इकडेतिकडे झाला तरी उत्तर चुकत नाही. कंपनीच्या मॉडेल क्रमांकांतही हेच लपलेलं आहे: ईपीसी-८ आणि पीसी-१६, म्हणजे ढोबळमानाने आठ कप आणि सोळा कप. तुमच्या फोटोत हातातल्या कपाच्या मानाने बॉयलर लहान दिसतो आणि गेज नाही. मी युरोपिक्कोला म्हणेन, पण पाणी मोजून खात्री करा. ग्रुपच्या रबरांसाठी या फरकाने फारसं बिघडत नाही, कारण एकाच काळातल्या दोन्ही मशीनांचा ग्रुप जवळपास सारखा असतो. एलिमेंट घ्यायची वेळ आली तर मात्र बिघडतं.

आता वय. विकणारा ‘साठचं दशक’ म्हणाला ते मला पटत नाही. कारण सांगतो. अगदी सुरुवातीच्या युरोपिक्कोलाच्या पायथ्यावर दोन वेगवेगळी बटणं असायची: एक चालू-बंद करायचं आणि एक कमी-जास्त उष्णतेचं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला रचना बदलली आणि ०, १, २ अशा तीन जागांचं एकच बटण आलं. एक म्हणजे मंद, दोन म्हणजे पूर्ण उष्णता. तुमच्या दुसऱ्या फोटोत पायथ्यावर एकच बटण आहे आणि त्यावर १ आणि २ दिसतंय. म्हणजे हा पायथा तरी साठच्या दशकातला नाही. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असेल असं मी म्हणत नाही; या मशीनचा चेहरामोहराच असा आहे की नव्वदच्या दशकातलं मशीनही आजोबांच्या काळातलं वाटतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे मशीन असं का आहे ते कळलं की ओळखणंही सोपं जातं. मिलान हे या सगळ्याचं माहेरच आहे. लुइजी बेत्सेराने वाफेच्या दाबावर चटकन कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०१ साली घेतलं, देसिदेरियो पावोनीने ते हक्क घेऊन १९०५ मध्ये मिलानमध्येच उत्पादन सुरू केलं. पण निव्वळ वाफेचा दाब दीडएक बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) पुढे न्यायचा म्हणजे पाणी इतकं तापतं की कॉफी जळते. आकिल्ले गाज्जाने यातून वाट काढली: दाब वाफेने द्यायचा नाही, दट्ट्याने द्यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या लिव्हर मशीनने कॉफीवर तो सोनेरी फेस, क्रेमा, आणला. पुढे १९६१ साली फाएमा कंपनीने पंपवालं ई-६१ मशीन काढलं आणि कॅफेंमधून लिव्हर हळूहळू मागे पडू लागला. आणि त्याच वर्षी पावोनीने तोच लिव्हर छोटा करून स्वयंपाकघरात आणला. पंप नाही, कुठलाही इलेक्ट्रॉनिक भाग नाही. एक बॉयलर, एक दट्ट्या, काही रबरं. म्हणूनच पन्नास वर्षांचं मशीनही एका दुपारी पुन्हा उभं करता येतं. मला या मशीनचं एवढं अप्रूप आहे ते यामुळेच.

वयाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा उंबरठा मात्र सत्तरच्या दशकातला नाही, २००० चा आहे. साधारण २०००-२००१ च्या सुमारास कंपनीने ग्रुप नव्याने आखला. सुट्या भागांचे दुकानदार यालाच ‘प्री-मिलेनियम’ आणि ‘मिलेनियम’ म्हणतात. आधीच्या ग्रुपमध्ये दट्ट्या पितळी नळकांड्यात फिरायचा. पितळ उष्णता झटपट वाहून नेतं, त्यामुळे लागोपाठ तीन-चार कप काढले की ग्रुप इतका तापायचा की पुढचा कप कडू यायचा. नव्या ग्रुपमध्ये ते नळकांडं प्लॅस्टिकचं केलं, म्हणजे उष्णता थोडी अडते. त्याबरोबर व्यासही बदलला. आधीच्या बास्केटला, म्हणजे मुठीत बसणाऱ्या पूड भरायच्या वाटीला, ४९ मिलिमीटरचा टँपर (पूड दाबायचा ठोकळा) लागतो, नंतरच्या बास्केटला ५१ चा. दोन मिलिमीटरचाच फरक, पण त्यामुळे मूठ, बास्केट, जाळी, खालचं गॅस्केट, दट्ट्याची रबरं, यातलं काहीच इकडचं तिकडे चालत नाही.

एकाच बटणावरून हा उंबरठा ओळखता येत नाही. त्यासाठी बास्केटच मोजायला हवी. व्हर्नियर (व्यास मोजायची सरकती पट्टी) असेल तर उत्तमच. नसेल तर मी फोनवरून लोकांना सांगतो ती युक्ती करा. लग्नपत्रिकेसारखा जाड, न वाकणारा पुठ्ठा घ्या. कंपासमध्ये बरोबर २५.५ मिलिमीटर घेऊन वर्तुळ काढा आणि रेषेच्या आतल्या कडेने कापा, रेषा पुठ्ठ्यावर राहू देऊ नका. ही झाली ५१ मिलिमीटरची चकती. बास्केट मुठीतून काढून, धुऊन, कोरडी करा. तिच्या तोंडाशी कडा किंचित बाहेर वळलेली असते, त्यामुळे चकती नुसती तोंडावर ठेवून फसू नका. कडेच्या खाली जिथे भिंत सरळ होते तिथपर्यंत ती आडवी उतरते का ते बघा. दोन बोटांनी हलकेच ढकलल्यावर सपाट खाली गेली तर नवा ग्रुप. वरच अडकून तिरकी झाली तर जुना. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, पुठ्ठा वाकला की उत्तर खोटं येतं.

हे झाल्यावरही एक शंका उरते, आणि ती मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी असंच मशीन आणलं. बास्केट मोजली, ५१ ची निघाली. त्यांनी त्याप्रमाणे रबरांचा संच आधीच मागवून ठेवला होता. मी ग्रुप उघडला तर आत पितळी नळकांडं! मूठ आणि बास्केट नव्या मशीनची होती, कुणीतरी कानशीने मुठीचे कान घासून ती जुन्या ग्रुपला कशीबशी अडकवली होती. घासलेल्या जागी क्रोम गेलेलं, आतलं पिवळं पितळ उघडं पडलेलं, आणि मूठ शेवटपर्यंत फिरवली तरी किंचित डुगडुगत होती. त्या मशीनलाही मुठीच्या कडेनेच गळती होती, आणि गॅस्केट कितीही बदललं असतं तरी ती थांबली नसती. तेव्हापासून मी बास्केटवर एकट्यावर विश्वास ठेवत नाही. तुमच्या मुठीचे दोन कान नीट बघा: दोन्ही सारख्या जाडीचे आहेत का, त्यांवर कानशीच्या ओरखड्यांचे माग आहेत का? आणि मूठ अडकवल्यावर ती साधारण कुठे थांबते? खूपच उजवीकडे निघून जात असेल तर गॅस्केट झिजलंय, एवढाच अर्थ. पण अडकूनही हलत असेल तर मला आधी मुठीचा संशय येतो.

शेवटची खात्री ग्रुप उघडूनच होते, आणि गळतीसाठी तुम्हाला तो उघडायचाच आहे. मशीन पूर्ण गार, प्लग काढलेला, वाफेचा कॉक उघडून आत दाब नाही हे पाहिलेलं. लिव्हरच्या पिना काढल्या, दट्ट्याच्या दांड्यावरचा काटा सोडवला आणि खालची जाळी उतरवली की दट्ट्या खालून बाहेर येतो. मग टॉर्च मारा. आतलं नळकांडं पिवळं धातूचं असेल तर जुना ग्रुप. करडं, काळं किंवा पांढरट, नखाने टकटक केल्यावर बसका आवाज करणारं असेल तर नवा. काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. दट्ट्यावर दोन रबरी सील असतात, पन्हाळीसारखी एका बाजूने उघडी. त्यांची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात, वरच्याचं वर आणि खालच्याचं खाली. नवी बसवताना हेच लोक चुकतात आणि मग मला फोन येतो की नवी रबरं घालूनही गळतंच आहे. जुनी सील बहुधा हिंगाच्या खड्यासारखी कडक झालेली असतात. बोटाने दाबली की चक्क तडकतात. फेकू नका. एका पिशवीत घालून ठेवा, दुकानात नमुना म्हणून तीच सगळ्यात मोठा पुरावा.

तुम्ही सांगितलेल्या गळतीबद्दलही बोलतो, कारण त्यावरून काय घ्यायचं ते ठरतं. लिव्हर खाली आणि मूठ काढलेली असताना जाळीतून थेंब पडतात, याचा अर्थ दट्ट्याची सील गेलीत. बॉयलरमधलं पाणी दट्ट्याला ओलांडून खाली उतरतंय. कॉफी काढताना मुठीच्या कडेने गळतं, ते मुठीवरचं गोल गॅस्केट. तिसरी एक जागा असते, वर जिथे दांडा ग्रुपच्या डोक्यातून बाहेर येतो तिथली. तिथे पाणी दिसलं नाही असं तुम्ही लिहिलंय, पण ग्रुप उघडलाच आहे तर तिथलंही रबर बदलून टाका. संचात ते असतंच.

आता विजेचा भाग. मॉडेल ओळखताना लोक याकडे बघत नाहीत, आणि मला मात्र याचीच जास्त काळजी असते. इटलीत जुन्या काळी अनेक घरांत १२५ व्होल्टचा पुरवठा होता, आणि याच मशीनचे ११० व्होल्टचे अवतार अमेरिकेसाठीही बनत. स्टिकर नसताना व्होल्टेज कसं कळणार? मल्टिमीटरने. प्लग भिंतीपासून काढलेला, मशीनचं बटण २ वर, आणि प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजा. एलिमेंट १००० वॉटचं धरलं तर २२० व्होल्टच्या मशीनला साधारण ४८ ओहम यायला हवेत, १२५ च्या मशीनला १५-१६, आणि ११० च्या मशीनला १२ च्या आसपास. आकडे इतके लांब लांब आहेत की स्वस्त मीटरही चूक करणार नाही. वॉट थोडे वेगळे असले तर आकडा थोडा सरकेल, पण ४८ चे १२ होणार नाहीत. तुमचं मशीन मिलानच्या घरात नीट तापतंय, म्हणजे ते २२० चंच असणार. तरी मोजा, कारण याच मोजणीत एलिमेंट धड आहे का तेही कळतं. नाशिकचे २३० व्होल्ट त्याला चालतील. त्यावर ते नऊएक टक्के जास्त वॉट खेचेल, इतकाच फरक.

त्याच मीटरने आणखी एक तपासणी, आणि ही अजिबात टाळू नका. प्लगची अर्थिंगची पिन आणि मशीनचा क्रोमचा अंग, यांच्यात रोध जवळपास शून्य यायला हवा. नसेल तर अर्थिंगची तार तुटलीय किंवा कुणीतरी दोनच तारांची वायर लावलीय. पाणी, वाफ आणि उघडा धातू असलेल्या यंत्राला अर्थिंग नसताना हात लावायचा नाही. शिवाय प्रत्येक जिवंत पिन आणि अंग यांच्यात रोध मोजा: तिथे मीटरने काहीच दाखवू नये. काहीशे किलो-ओहम दाखवत असेल तर एलिमेंटला ओल लागलीय. अशा वेळी मशीन लावायचं नाही.

एलिमेंट बदलायची वेळ आली नसेल तर त्याचा प्रकार नुसता नोंदवून ठेवा. जुन्या मशीनांत ते मोठ्या आट्यांनी बॉयलरच्या तळाला पिळून बसवलेलं असतं आणि काढायला खास रुंद पाना लागतो. नंतरच्यांत ते बोल्टने बसतं. मशीन आडवं करून पायथ्याचं तळपाट उघडलं की दिसतं. तिथेच बघा, दाबावर आपोआप चालू-बंद होणारा प्रेशरस्टॅट आहे का. प्रोफेशनलला तो असतो, जुन्या युरोपिक्कोलाला नसतो. नसेल तर सतत २ वर ठेवून मशीन सोडून जाऊ नका. पाणी तापून सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसू लागला की बटण १ वर आणायचं, अशीच त्याची रीत आहे. ०.८ बारला आतलं पाणी सुमारे ११७ अंशांवर असतं, १ बारला १२० वर. म्हणजे झाकण चुकून उघडलं तर ते पाणी उकळून अंगावर येतं. काहीही उघडायचं असलं तरी आधी वाफ सोडा.

तळपाट उघडलंच आहे तर बटणावर किंवा एलिमेंटवर कोरलेलं साल दिसतं का तेही बघा. पण तो पुरावा जपून वापरा. एलिमेंटवर १९८८ दिसलं तर ते एलिमेंट १९८८ चं, एवढंच सिद्ध होतं. मशीन त्याहून जुनं असू शकतं, कारण एलिमेंट बदललं जातं. एकाच सालाकडे बोट दाखवणारे दोन-तीन वेगळे भाग सापडले, तरच मी ते साल धरतो.

फोटो आणि तुमचं वर्णन एवढ्यावरून माझा अंदाज असा: युरोपिक्कोला, सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरची, आणि क्रोमचा रंग व बटणाची ठेवण बघता बहुधा २००० च्या आधीची, म्हणजे ४९ मिलिमीटरची. शेवटच्या भागाबद्दल माझी खात्री साठ-सत्तर टक्केच आहे. चकती उतरते की अडते त्यावर ते ठरेल, आणि ग्रुप उघडल्यावर पितळ की प्लॅस्टिक यावर पक्कं होईल. दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर नळकांड्याचं म्हणणं खरं मानायचं, आणि मूठ-बास्केट बदललेली आहेत असं समजायचं.

खरेदीचं सांगतो. दुकानात ‘ग्वार्नित्सिओनी’ असं विचारा, इटालियनमध्ये गॅस्केट-सीलना तेच म्हणतात. मॉडेलचं नाव सांगून थांबू नका. ‘युरोपिक्कोला, प्री-मिलेनियम, ४९’ किंवा ‘मिलेनियम, ५१’ असं पूर्ण सांगा आणि जुनी सील काउंटरवर ठेवा. ला पावोनी २०१९ पासून स्मेग या घरगुती उपकरणांच्या कंपनीच्या मालकीची आहे, पण जुन्या ग्रुपची रबरं आजही सहज मिळतात. ग्रुपच्या रबरांचे दोन पूर्ण संच घ्या, एक आत्ताचा आणि एक पुढच्यासाठी. सोबत काचेच्या नळीची दोन वॉशर, सेफ्टी व्हॉल्व्हचं रबर, बॉयलरच्या झाकणाचं गॅस्केट, आणि खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस. ग्रीस इकडे मिळतं, पण तिथे छोटी ट्यूब मिळते. पाण्याची काचेची नळीही एक जादा घ्या. विमानाच्या सामानात तीच पहिली फुटते. एलिमेंट धड असेल तर नवं विकत घेऊ नका. पण त्याच्या खालच्या बाजूचं गॅस्केट घेऊन ठेवा. फार जुन्या मशीनमध्ये ते राखाडी तंतूंचं निघालं तर कोरडं घासू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून, हातमोजे घालून अलगद काढा.

नाशिकला आल्यावर बोअरचं पाणी अजिबात घालू नका. ०.८ लिटरच्या बॉयलरमध्ये तेच पाणी पुन्हा पुन्हा आटतं, आणि क्षारांचा थर एलिमेंटवर तुरटीसारखा चढतो. फिल्टरचं पाणी वापरा. आत आधीच थर असेल तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड, लिटरला चमचाभर, अर्धा तास ठेवून तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. जास्त वेळ ठेवू नका, जिथे क्रोम उडालंय तिथे ते पितळ खातं.

चकती कापून झाली की बास्केटमध्ये ती कुठपर्यंत जाते त्याचा वरून एक फोटो काढा, मुठीच्या दोन्ही कानांचा एकेक, आणि तळपाट उघडून आतल्या वायरिंगचा एक. बटण २ वर असताना आलेले ओहम आणि अर्थिंगचं मोजमाप लिहून पाठवा. हे चार फोटो आणि दोन आकडे हाती आले की कोणता संच मागवायचा ते मी तुम्हाला पक्कं सांगू शकेन. पुढच्या शनिवारपर्यंत पाठवलंत तर निघण्याआधी भाग तुमच्या हातात पडतील.